डिकीत स्टेपनी नाही आणि समृद्धीवर टायर बसला, तर काय?

२९ डिसेंबर २०२४ ची रात्र. समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात, मालेगाव ते वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान एक लोखंडी फलक रस्त्यावर पडला होता. अंधारात तो कुणाला दिसला नाही. एकामागून एक गाड्या त्यावरून गेल्या आणि पन्नासहून अधिक वाहनं पंक्चर झाली, अशा बातम्या आल्या. त्यात कार होत्या, ट्रक होते. मदतीची वाट बघत अनेकांना रात्र रस्त्यावरच काढावी लागली.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच रस्त्यावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, असंच काहीसं पुन्हा घडलं. रस्त्यात खिळे ठोकल्यासारखं दृश्य असलेला व्हिडिओ व्हायरल झाला आणि लूटमारीसाठी कुणी खिळे ठोकले का, अशी चर्चा सुरू झाली. ते खिळे नव्हते. काँक्रीटच्या रस्त्याला पडलेल्या भेगा भरण्यासाठी बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या होत्या, असा खुलासा महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने केला. पण खुलासा येईपर्यंत काही गाड्यांचे टायर गेलेच होते.

टायर पंक्चर होणं ही तशी रोजची गोष्ट. जॅक लावायचा, पान्याने नट सैल करायचे, स्टेपनी चढवायची आणि पुढच्या गावात पंक्चर काढून घ्यायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. आता मात्र बाजारात अशा कार वाढताहेत ज्यांच्या डिकीत स्टेपनीच नसते. तिच्या जागी असतो एक छोटा डबा. त्यात हवा भरायचा कंप्रेसर आणि पांढरट द्रवाची एक बाटली.

नाशिककरांसाठी हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. सिन्नरजवळ गोंदे इथे समृद्धीवर चढलं की शिर्डी, संभाजीनगर, नागपूर. इगतपुरीजवळ पिंप्री सदो इथे चढलं की थेट भिवंडीजवळचं आमणे. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता खुला झाला. कसाऱ्याचा घाट टाळून मुंबई गाठता येऊ लागली. शिवाय सातपूरला सिएटचा टायर कारखाना आणि महिंद्राचा गाड्यांचा कारखाना असलेल्या शहरात टायर हा घरगुती गप्पांचाही विषय असतो. तरी नवी गाडी घेताना डिकीचा खालचा पत्रा उचलून बघणारे कमीच.

स्टेपनी गेली कुठे?

कंपन्यांनी ती गुपचूप काढून टाकली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बदल केला आणि तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी कारना स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली, पण अटींवर. टायर ट्यूबलेस हवेत. टायरमधली हवा कमी झाली की चालकाला इशारा देणारी यंत्रणा गाडीत हवी. आणि टायर दुरुस्तीचं किट सोबत हवं.

कारणही सरकारने सांगितलं होतं. गाडीत जागा वाचेल आणि इलेक्ट्रिक गाड्यांत मोठी बॅटरी बसवता येईल. परदेशांत हे आधीपासून चालत आलंय, हा दुसरा मुद्दा. एका चाकाचं पंधरा-वीस किलो वजन कमी झालं की मायलेजलाही थोडी मदत होते. कंपनीचा एका चाकाचा खर्च वाचतो, तो वेगळाच.

त्यामुळे टाटा टियागो ईव्ही किंवा एमजी कॉमेट यांसारख्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत स्टेपनी येत नाही. हे बेकायदा नाही. पण जुन्या गाडीत सामानाला जागा व्हावी म्हणून स्टेपनी काढून घरी ठेवणाऱ्यांनी ही मुभा आपल्याला लागू आहे असं समजू नये. ज्या गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि किट नाही, तिच्यासाठी ही सूट नाही. सीएनजीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. स्टेपनी असते, पण अनेक गाड्यांत ती सिलिंडरच्या खाली किंवा मागे अशी अडकलेली असते की रस्त्यात बाहेर काढायची म्हणजे परीक्षाच.

जाता जाता एक गंमत. स्टेपनी हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की तो इंग्रजीतला सामान्य शब्द वाटतो. इंग्लंडमधल्या आजच्या माणसाला तो बहुधा कळणार नाही. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी मोटारीला लावायचं जादा चाक तयार केलं. त्यांचं वर्कशॉप स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून ते स्टेपनी चाक. त्याआधीच्या गाड्यांना जादा चाक नसायचंच. पंक्चर झालं की रस्त्यातच टायर सोडवून बसायचं.

डब्यातल्या बाटलीने काय होतं?

किटचं काम समजून घेतलं तर त्याची मर्यादाही कळते. बाटलीत सीलंट असतं, म्हणजे चिकट द्रव. बाटली व्हॉल्व्हला जोडायची, कंप्रेसरची वायर गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालायची आणि कंप्रेसर सुरू करायचा. हवेसोबत द्रव टायरमध्ये जातो. सुरुवातीला काटा एकदम वर जातो आणि मग खाली येतो, कारण आधी द्रव व्हॉल्व्हमधून ढकलला जात असतो. त्यामुळे काटा पाहून लगेच बंद करायचं नाही. दहाएक मिनिटांत हवा पुरेशी भरली नाही, तर छिद्र किटच्या आवाक्याबाहेरचं आहे असं समजायचं. भरली, तर लगेच निघायचं. गाडी फिरल्याशिवाय द्रव टायरभर पसरत नाही आणि छिद्रापर्यंत पोहोचत नाही. काही किलोमीटरवर सुरक्षित जागा बघून थांबायचं, हवा पुन्हा तपासायची आणि ताशी ८० किलोमीटरच्या आतच राहून दुरुस्तीचं दुकान गाठायचं. नेमका आकडा किटवर लिहिलेला असतो, तो पाळायचा.

टायरमध्ये रुतलेला खिळा दिसला की उपटून काढायचा मोह होतो. तो काढू नये. बऱ्याचदा त्यानेच छिद्र अर्धं बुजवलेलं असतं.

हे सगळं चालतं ते एकाच प्रकारच्या पंक्चरवर. टायरचा रस्त्याला टेकणारा, नक्षी असलेला भाग असतो, तिथे खिळा, स्क्रू किंवा तार घुसली आणि छिद्र साधारण चार ते सहा मिलिमीटरपर्यंतचं असलं, तर किट पुरतं. शहरातली बहुतेक पंक्चर याच जातीची असतात. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा बांधकाम सुरू असलेल्या एखाद्या रस्त्यावर होणारं पंक्चर म्हणजे नव्याण्णव टक्के खिळाच, असं कुठलाही पंक्चरवाला सांगेल.

टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर मात्र बाटलीचा उपयोग शून्य. पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेवर चाक वेगात आपटलं की टायर रिम आणि कडेच्या मध्ये चेंगरतो आणि नेमकी ही बाजूची भिंत फुटते. रिम वाकली तर हवा कडेने निघून जाते, तिथेही द्रव काही करू शकत नाही. लोखंडी पत्र्याने टायर कापला गेला, तरी तेच. आणि दोन चाकं एकदम गेली तर बाटली एकच असते. तेव्हा स्टेपनीही एकच असते, हे खरं. वाशिमच्या त्या रात्री ज्यांची दोन चाकं बसली असतील त्यांना स्टेपनीनेही तारलं नसतं.

म्हणजे किट आणि स्टेपनी यांतला फरक सगळ्या पंक्चरमध्ये दिसत नाही. तो दिसतो एका विशिष्ट प्रसंगी: टायर एकच गेलाय, पण दुरुस्त होण्यासारखा राहिलेला नाही. नाशिक-मुंबई जुन्या रस्त्यावर दर पावसाळ्यात खड्ड्यांची बातमी येते, तो नेमका हाच प्रसंग.

शहरात आणि समृद्धीवर फरक काय?

द्वारका, मुंबई नाका, पाथर्डी फाटा, घोटी. नाशिकच्या कुठल्याही अशा ठिकाणी टायर बसला तर हाकेच्या अंतरावर पंक्चरचं दुकान असतं. रात्री अकरालाही कुणीतरी दुचाकीवर पाना घेऊन येतं. आपल्याकडे स्टेपनीशिवाय गाडी चालते ती मुख्यतः या माणसांच्या जिवावर. परदेशात टायर कंपनीची व्हॅन येते, इथे फाट्यावरचा पंक्चरवाला येतो, आणि तो जास्त लवकर येतो.

समृद्धीवर तो येऊ शकत नाही. हा प्रवेश नियंत्रित रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण आणि दुचाकी-तीनचाकीला बंदी. शेजारच्या गावात पंक्चरवाला असला तरी त्याने यायचं कसं? त्याची मोटारसायकल रस्त्यावर चढूच शकत नाही. चढायचं-उतरायचं ते इंटरचेंजवरूनच, आणि दोन इंटरचेंजमध्ये बरंच अंतर असू शकतं. पूर्वीच्या मुंबई-आग्रा रस्त्यावर दर दोन-चार किलोमीटरवर ढाबा, पंप, टायरवाला असायचा. समृद्धीवर सुरुवातीची काही वर्षं पेट्रोल पंप आणि प्रसाधनगृहं कमी असल्याच्याच तक्रारी होत होत्या.

त्यात ईव्हीचा मुद्दा. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे एक्सप्रेस वे, अटल सेतू आणि समृद्धी या तिन्ही रस्त्यांवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी आहे. धोरण म्हणून चांगलंच. पण त्याचा एक अर्थ असा की स्टेपनी नसण्याची शक्यता ज्या गाड्यांत जास्त, त्याच गाड्यांना सरकार पंक्चरवाला नसलेल्या रस्त्यावर बोलावतंय. इलेक्ट्रिक गाडी बंद पडली तर दोर बांधून ओढणंही बरं नाही. फिरणारी चाकं मोटर फिरवतात आणि नुकसान होऊ शकतं. ती सपाट पाठीच्या ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. तो ट्रक यायला वेळ लागतो.

२०२० च्या नियमाने गाडीकडून स्टेपनीची अट काढली, पण तिची जबाबदारी कुणाकडे गेली हे कुठे लिहिलेलं नाही. ती थोडी मालकाकडे गेली, थोडी विमा कंपनीच्या मदत सेवेकडे आणि बरीचशी रस्ता चालवणाऱ्याकडे. ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असलेल्या आणि टोल घेणाऱ्या रस्त्यावर टायर दुरुस्तीची फिरती गाडी ही चैन म्हणता येणार नाही. डागडुजीच्या कामामुळेच टायर जात असतील, तर अजिबातच नाही.

थांबणं हाच मोठा धोका

टायर बदलण्यापेक्षा गंभीर प्रश्न म्हणजे थांबायचं कुठे. १५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे वैजापूरजवळ समृद्धीवर एक मिनी बस ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्याहून परतणारे हे भाविक नाशिकचे होते. ट्रक परिवहन विभागाच्या अधिकाऱ्यांनी थांबवला होता, असा आरोप झाला आणि दोघांना अटकही झाली. तिथे पंक्चरचा काही संबंध नव्हता. पण वेगवान रस्त्यावर उभं असलेलं वाहन मागून येणाऱ्यासाठी काय ठरतं, ते त्या रात्री नाशिकने पाहिलं.

म्हणून टायर बसल्याचं जाणवलं की जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, वेग आपोआप कमी होऊ द्यायचा आणि डाव्या बाजूला शक्य तितकं आत जायचं. चारही इंडिकेटर लावायचे. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीला चिकटून ठेवला तर उपयोग नाही. तो बराच मागे हवा. माणसांनी गाडीत बसून राहायचं नाही, गाडीच्या मागे-पुढेही उभं राहायचं नाही. कठड्यापलीकडे जाता आलं तर उत्तम. उजव्या बाजूचं, म्हणजे वाहत्या रहदारीकडचं चाक बसलं असेल, तर तिथे वाकून कंप्रेसर जोडत बसणं धोक्याचं आहे. अशा वेळी किट आणि स्टेपनी दोन्ही विसरून मदतीला फोन केलेला बरा.

आणि बोगद्यात टायर गेला तर? इगतपुरी ते कसारा दरम्यानचा समृद्धीचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. गाडी ताब्यात असेल तर अगदी हळू, दिवे लावून बाहेर पडणं किंवा निदान आतल्या थांब्याच्या जागेपर्यंत जाणं शहाणपणाचं. त्यात टायर जाईल, कदाचित रिमही जाईल. ते परवडतं.

फोन कुणाला करायचा, यातही नाशिककरांचा गोंधळ होतो. मुंबई-आग्रा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, तिथे १०३३ ही हेल्पलाइन. समृद्धी राज्य रस्ते विकास महामंडळाचा, त्याची हेल्पलाइन वेगळी. तिचा क्रमांक रस्त्यावरच्या फलकांवर असतो. तो टायर बसल्यावर शोधण्यापेक्षा निघण्याआधी मोबाइलमध्ये घातलेला बरा. अपघात किंवा जिवाला धोका असेल तर सगळीकडे ११२. फोनवर आधी किलोमीटरचा दगड किंवा फलकावरचा आकडा सांगायचा. ‘शिर्डीच्या थोडं पुढे’ या पत्त्यावर मदत पोहोचत नाही.

टायर फुटतो का, फोडला जातो?

समृद्धीवर अपघात झाला की ‘टायर फुटला’ हे पहिलं कारण पुढे येतं. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हाही चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या तपासणीत मात्र त्याला पुष्टी मिळाली नाही. तरीही टायरची अवस्था हा खरा प्रश्न आहेच. म्हणून २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या माघारी पाठवल्या होत्या. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असायला हवी. नक्षीच्या खोबणीत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा.

एक समज मात्र खोडून काढायला हवा. ‘काँक्रीट तापतं, म्हणून हवा जरा कमी ठेवा’ असा सल्ला पंपावर सर्रास मिळतो. होतं उलटं. हवा कमी असली की टायर फिरताना जास्त दबतो, दर फेरीला वाकतो आणि त्यातून उष्णता वाढते. लांब पल्ल्याला, भरलेल्या गाडीत आणि शंभरच्या वेगात हेच टायर फुटण्याचं कारण होतं. चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला दाब टायर थंड असताना भरायचा. गाडी भरलेली असेल तर त्याच स्टिकरवरचा दुसरा, जास्तीचा आकडा. टायरच्या बाजूला चार अंकी संख्या असते: ३२२१ म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात वर्षं जुन्या टायरवर समृद्धीला जाणं योग्य नाही.

विम्याचं थोडक्यात. साध्या मोटार विम्यात एकट्या टायरचं नुकसान मिळत नाही. अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायर धरला जातो, तोही निम्म्या घसाऱ्याने. टायरसाठी आणि रस्त्यातल्या मदतीसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. मदत सेवेचं कव्हर घेताना ती समृद्धीवर येते का आणि सपाट पाठीचा ट्रक देते का, हे दोनच प्रश्न विचारले तरी पुरे.

मग स्टेपनी विकत घ्यायची का?

रोज गंगापूर रोड ते सातपूर एवढाच प्रवास असेल, तर गरज नाही. किट पुरतं. महिन्यातून दोनदा संभाजीनगर किंवा मुंबईला जाणं असेल, तर डिकीत जागा आहे का ते बघून त्याच मापाचं किंवा छोटं, तात्पुरतं चाक घेण्याचा विचार जरूर करावा. छोट्या चाकावर साधारण ताशी ८० ची मर्यादा लिहिलेली असते. गाडीसोबत जॅक आणि पाना आला नसेल, तर तोही घ्यावा लागतो, आणि डिकीत ते चाक बांधून ठेवण्याची सोय हवी. मोकळं ठेवलेलं चाक ब्रेक मारल्यावर पुढे येतं. शोरूममध्ये हा पर्याय आपणहून सांगितला जात नाही, विचारावा लागतो. कंपन्यांनी तो किमतीसह यादीत द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न ग्राहकांनीच विचारायचा आहे.

स्ट्रिप मारायचं छोटं किट बाजारात मिळतं, सुई आणि रबरी दोरीचं. हाताला सवय असेल त्याला ते सीलंटपेक्षा सोयीचं, कारण टायर आतून खराब होत नाही. पण ते वापरून बघायचं घरच्या गल्लीत, जुन्या टायरवर. महामार्गावर पहिल्यांदा नको. सीलंट वापरलं असेल तर दुकानात गेल्यावर तसं आधी सांगायचं. टायर उघडताना ते अंगावर येतं, हवेचा सेन्सर त्याने बरबटतो, आणि कारागीर वैतागतो ते बरोबरच. ती दुरुस्ती तात्पुरतीच असते. टायर आतून साफ करून, तपासून, शक्य असेल तर आतल्या बाजूने पॅच लावूनच पुढे चालवायचा.

आणि बाटली एकदाच वापरता येते. न वापरली तरी तिला मुदत असते, बहुधा चार-पाच वर्षांची. तारीख बाटलीवर छापलेली असते. २०२३ मध्ये घेतलेल्या गाडीतली बाटली २०२७ च्या सुमारास बाद होईल. त्याच वर्षी २ ऑगस्टला, भर पावसाळ्यात, नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नान आहे आणि शहराकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्यांची रांग असेल.